यूएफओ चौथ्या मितीतून येतात म्हणे, मग पुदिन्याची चटणी खाऊन दाखवा

२६ जुलै २०२३ ला अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये यूएफओवर, म्हणजे आकाशात दिसणाऱ्या ओळख न पटलेल्या वस्तूंवर, ती गाजलेली सुनावणी झाली, त्याच्या क्लिप्स तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी बघितल्या असतील. डेव्हिड ग्रश नावाचा हवाई दलाचा माजी गुप्तचर अधिकारी शपथेवर सांगत होता की सरकारकडे माणसाने न बनवलेली यानं आहेत असं मला आतल्या लोकांनी सांगितलंय. बातम्या झाल्या त्या ह्याच वाक्याच्या. पण मला त्यातला दुसराच तुकडा जास्त भारी वाटला. मिसुरीचे खासदार एरिक बर्लिसन म्हणाले की एवढ्या अफाट अंतरावरून येणारी मंडळी इथे येऊन आपटतात हे काही मला पटत नाही, मग दुसऱ्या डायमेन्शनमधून, म्हणजे लांबी-रुंदी-उंचीपलीकडच्या मितीतून येतात असं काही आहे का? त्यावर ग्रश होलोग्राफिक प्रिन्सिपलबद्दल बोलला, आपली त्रिमितीय माणसाची सावली जशी जमिनीवर पडते तसं वरच्या मितीतलं काहीतरी खालच्या मितीत प्रोजेक्ट होऊ शकतं, अशा अर्थाचं. हे खरंच तसं आहे असं त्याने म्हटलं नाही, एक सैद्धांतिक चौकट आहे एवढंच म्हणाला. पण यूट्यूबला तेवढं पुरतं.

तेव्हापासून आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर एक मित्र आहे (इन्स्ट्रुमेंटेशनवाला, माणूस हुशार, पण रात्री बारानंतर व्हिडिओ बघतो) त्याचं एकच पालुपद, "अरे ते एलियन बिलियन काही नाही रे, ते डायमेन्शनल आहेत, फिजिकल नाहीतच." त्याला ग्रुपवर तुकड्या तुकड्यात उत्तर द्यायचा कंटाळा आला म्हणून हे सगळं एकदाच इथे लिहून टाकतोय.

आधी एक सांगतो, हा विचार टाकाऊ नाहीये. मी ह्यावर हसायला बसलेलो नाही. जे लोक ह्या वाटेला पहिल्यांदा गेले ते काही येरेगबाळे नव्हते, आणि ते गेले ते "परग्रहावरची यानं" ही थिअरी नीट तपासून, त्यातली भोकं बघून गेले.

म्हणजे बघा. केनेथ अर्नोल्डने २४ जून १९४७ ला माउंट रेनियरजवळ नऊ चकाकत्या वस्तू बघितल्या, पेपरवाल्यांनी त्याच्या तबकड्या केल्या, आणि तिथून पुढे अमेरिकन हवाई दलाने आधी साइन, मग ग्रज, मग ब्लू बुक अशी चौकशी प्रकरणं चालवली. ब्लू बुक १९६९ ला बंद झालं तेव्हा खात्यावर १२,६१८ नोंदी होत्या आणि त्यातल्या ७०१ "ओळख पटली नाही" ह्या खणात. ह्या सगळ्याचा वैज्ञानिक सल्लागार होता ॲलन हायनेक, खगोलशास्त्रज्ञ, तोच तो ज्याने १९६६ ला मिशिगनच्या दिव्यांना "दलदलीतला गॅस" म्हणून अख्ख्या देशाचा रोष ओढवून घेतला. नंतर त्याचं मत हळूहळू बदलत गेलं. आणि त्याच्याबरोबर होता जाक व्हाले, फ्रेंच माणूस, खगोलशास्त्र शिकलेला, कॉम्प्युटरमध्ये करिअर केलेला, इंटरनेटच्या आधीच्या अर्पानेटच्या काळात नेटवर्कवर काम केलेला. व्हालेने १९९० मध्ये एक पेपर लिहिला, यूएफओ परग्रहावरून येत नाहीत ह्याची पाच कारणं. साधी कारणं आहेत, त्यातली चार सांगतो. नोंदी इतक्या जास्त आहेत की कुणी पृथ्वीचा सर्व्हे करायला आलंय म्हणावं तर तो सर्व्हे केव्हाच संपायला हवा होता. दिसणारे प्राणी दोन हात दोन पाय एक डोकं असे, वेगळ्या ग्रहावर उत्क्रांती होऊन नेमकं हेच कसं घडेल. "पळवून नेलं आणि तपासणी केली" छापाच्या गोष्टींमधलं वैद्यकीय काम तर एखाद्या शिकाऊ कंपाउंडरलाही शोभणार नाही असं. आणि ह्या गोष्टी १९४७ ला सुरू झालेल्याच नाहीत, त्या माणसाइतक्याच जुन्या आहेत.

हा शेवटचा मुद्दा त्याचा सगळ्यात तगडा. ८१५ च्या सुमारास फ्रान्समध्ये लियॉनचा बिशप अगोबार्ड लिहून ठेवतो की आमच्याकडे लोकांचा ठाम समज आहे, मागोनिया नावाचा देश आहे, तिथून ढगांतून जहाजं येतात आणि गारपिटीने पडलेलं पीक भरून नेतात. त्याच्यासमोर तीन पुरुष आणि एक बाई साखळदंडात आणली होती, जहाजातून पडली म्हणून, आणि जमाव त्यांना दगडांनी मारायला निघाला होता. त्याने समजावून सांगून ते थांबवलं. व्हाले म्हणतो की तेव्हा ढगातली जहाजं होती, मग परीलोक आले, मग एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेत हवाई जहाजं दिसायला लागली, मग तबकड्या. पोशाख बदलतोय, आतला नट तोच आहे. १९६१ मध्ये विस्कॉन्सिनच्या ईगल रिव्हर गावात एका माणसाने सांगितलं की तबकडी उतरली, आतल्यांनी पाण्याचा जग पुढे केला, मी भरून दिला, त्यांनी मला चार पॅनकेक दिले. त्यातला एक लॅबमध्ये गेला! निघालं काय तर कुट्टूच्या टरफलाचं, गव्हाच्या कोंड्याचं साधं धिरडं. त्याने स्वतः एक खाऊन बघितला तर म्हणे पुठ्ठ्यासारखा लागला. व्हालेला ह्यात पऱ्यांच्या गोष्टी दिसल्या, पऱ्यांनी दिलेलं खाणं, त्यांना दिलेलं पाणी.

आता आपल्याकडे बघा. बायकोचं माहेर राजापूरकडचं, तिथे आमच्या सासूबाई अजूनही सांगतात की अमावास्येच्या रात्री डोंगराच्या कडेने मशालींची रांग जाताना दिसते ती वेताळाची पालखी, तिच्या वाटेत उभं राहायचं नाही, कुणी हाक मारली तर ओ द्यायची नाही. आणि चकवा तर अख्ख्या महाराष्ट्रात आहे, आमच्या अकोल्याकडेही आहे. माणूस रात्री ओळखीच्या वाटेने घरी निघतो आणि पहाटेपर्यंत त्याच त्या शेताला फेऱ्या मारत राहतो, मधले तास कुठे गेले त्याला सांगता येत नाही. अमेरिकेतल्या यूएफओवाल्यांच्या भाषेत ह्याला "मिसिंग टाइम" म्हणतात आणि त्यावर कॉन्फरन्स भरतात. मी सासूबाईंना एकदा विचारलं, "पालखीतले लोक कसे दिसतात हो?" तर त्या म्हणाल्या, "दिसत नाहीत रे, उजेडच दिसतो. आणि आवाज नसतो." तुम्ही कुठलीही यूएफओची साक्ष काढा, दहातल्या बऱ्याच ठिकाणी हेच दोन तपशील मिळतील. उजेड आणि शांतता.

तर इथपर्यंत मी व्हालेच्या बरोबर आहे. प्रश्न खरा आहे. घोळ होतो तो पुढच्या उडीत, की हे सगळं एकसारखं आहे ना, आणि ते परग्रहाचं वाटत नाही ना, मग ते वरच्या डायमेन्शनचं. ही उडीसुद्धा जुनी आहे, १९५० च्या आसपासच मीड लेन नावाचा माणूस सॅन दिएगोत बसून सांगत होता की तबकड्या "ईथर"मधून येतात, घट्ट होतात, परत विरतात.

उडी मोहात पाडणारी का आहे ते कॅरमवर सांगतो. समजा सोंगट्यांना जीव आहे आणि बोर्डाच्या पृष्ठभागापलीकडे जग असतं हे त्यांच्या गावीही नाही. वर नाही, खाली नाही, फक्त पुढे-मागे आणि डावी-उजवी. आता कुणीतरी क्वीन घेतली आणि कव्हर पडलं नाही म्हणून परत मध्ये ठेवली. सोंगट्यांच्या दृष्टीने काय झालं? राणी पॉकेटमध्ये गेली, जगातून नाहीशी झाली, आणि मधली जागा न कापता एकदम मध्यभागी उगवली. तिला चारी बाजूंनी सोंगट्यांनी गच्च घेरून कोंडली असती तरी हात तिला अलगद उचलू शकला असता, कुठलीही भिंत न फोडता. आणि त्या हाताची पाच बोटं बोर्डावर टेकली तर सोंगट्यांना पाच वेगवेगळ्या वस्तू दिसतील, एकदम आलेल्या, एकाच तालात हलणाऱ्या, एकदम गेलेल्या.

हे वाचून यूएफओवाल्याच्या अंगावर काटा येणारच. कारण साक्षी अशाच असतात. दिवे फुटून दोन होतात, दोन मिळून एक होतात. १४ नोव्हेंबर २००४ ची निमिट्झ घटना घ्या, दक्षिण कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ, निमिट्झ ह्या अमेरिकन विमानवाहू जहाजावरचे दोन वैमानिक, कमांडर डेव्हिड फ्रेव्हर आणि दुसऱ्या विमानात ॲलेक्स डीट्रिक. खाली समुद्र उसळल्यासारखा, त्यावर टिकटॅकच्या गोळीसारखी पांढरी वस्तू, साधारण चाळीस फूट लांब, पंख नाहीत, धूर नाही. फ्रेव्हर खाली उतरायला लागला तशी ती वर यायला लागली, मग झपकन गेली, आणि थोड्याच वेळात प्रिन्स्टन जहाजाचं रडार सांगतंय की ती साठेक मैलांवर, नेमकी विमानांना जमायला ठरवून दिलेल्या जागी आहे. २०१९ मध्ये केव्हिन नूथ वगैरे मंडळींनी अशा साक्षींवरून गणित केलं तर प्रवेग शंभर जीपासून (एक जी म्हणजे पृथ्वीच्या ओढीइतका) हजारो जीपर्यंत येतो. फायटर पायलट नऊ जीला कण्हतो. हजारो जीमध्ये कुठलंही यान म्हणजे भंगार. आणि आवाजाची भिंत तुटल्याचा दणकासुद्धा नाही. मग मित्र म्हणतो, बघ, ती गेलीच नाही कुठे, क्वीनसारखी इथून उचलली आणि तिथे ठेवली.

ठीक. पण आता मी विचारतो, ठेवली ना? मग हिशोब करू.

डायमेन्शन म्हणजे काही पडदा नव्हे की ज्याच्यामागे जे समजत नाही ते ढकलून द्यावं. डायमेन्शन म्हणजे भूमिती आहे आणि भूमिती फार कडक बाई आहे, ती एकदा घरात घेतली की सगळ्यांना तिचे नियम लागतात. जादा मितींवर फिजिक्सवाल्यांनी शंभर वर्षं डोकं लावलंय. कालुत्झाने १९२१ ला पाचवी मिती घालून गुरुत्वाकर्षण आणि विद्युतचुंबकत्व एकत्र बांधलं, क्लाइनने १९२६ ला म्हटलं की ती मिती इतकी बारीक गुंडाळलेली आहे की दिसत नाही. स्ट्रिंग थिअरीवाले दहा मितींवर गेले, मग अकरावर. पण ह्या गुंडाळलेल्या मिती अणूपेक्षाही कितीतरी पट बारीक, त्यात चाळीस फुटी टिकटॅक मावत नाही. यान लपवायचं तर मोठी मिती पाहिजे. अशी मोठी मिती १९९८ ला अर्कानी-हमेद, दिमोपूलस आणि ड्वाली ह्या तिघांनी मांडली खरी, आणि "मोठी" म्हणजे किती, तर फार तर मिलिमीटरभर. त्यातही गंमत अशी की त्या चित्रात आपले सगळे कण आणि प्रकाश आपल्या त्रिमितीय पत्र्याला चिकटलेले असतात, बाहेर जाऊ शकतं ते फक्त गुरुत्वाकर्षण. म्हणजे बाहेरचं काही आपल्याजवळ आलं तर आपला उजेड त्यावर पडणारच नाही. ते दिसणार नाही. रडारवर येणार नाही. फक्त ओढ जाणवेल. यूएफओचं नेमकं उलटं आहे, दिसतो झकास, आणि ओढ कुणाला जाणवत नाही.

बरं हे नुसतं कागदावर नाही, तपासलंय. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या लोकांनी तारेला टांगलेल्या तराजूने गुरुत्वाकर्षणाचा नियम ५२ मायक्रोमीटरपर्यंत, म्हणजे केसाच्या जाडीइतक्या अंतरापर्यंत मोजला, नियम जागचा हलला नाही. १७ ऑगस्ट २०१७ ला १३ कोटी प्रकाशवर्षांवर दोन न्यूट्रॉन तारे आपटले, त्यांच्या गुरुत्वीय लहरीही आल्या आणि प्रकाशही आला. गुरुत्वाकर्षण वाटेत दुसऱ्या मोठ्या मितीत गळत असतं तर लहरी अपेक्षेपेक्षा क्षीण पोचल्या असत्या. नाही पोचल्या. (आपल्या हिंगोलीत औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया होतंय ते ह्याच लहरी पकडायला. ते चालू झालं की मी तिकडे एक चक्कर मारणार, जाता जाता नागनाथाचं दर्शन.)

आणि ते होलोग्राफिक प्रिन्सिपल? ते ट होफ्ट आणि सस्किंड ह्या भौतिकशास्त्रज्ञांच्या कामातून आलं, कृष्णविवरातली माहिती त्याच्या आकारमानाच्या नाही तर पृष्ठफळाच्या हिशोबात मोजली जाते ह्या विचित्र गोष्टीतून. एखाद्या भागात जे काही आहे त्याचं पूर्ण वर्णन त्याच्या सीमेवर मांडता येतं, असा तो दावा. त्यात वरून कुणी खाली सावली टाकत नाही, ही एकाच गोष्टीची दोन पूर्ण वर्णनं आहेत. सावली म्हटलं की ऐकायला छान वाटतं इतकंच. शिवाय सावलीवरून रडार परत येत नाही, हे इन्स्ट्रुमेंटेशनवाल्याने तरी लक्षात ठेवावं.

आता माझी आवडती गोष्ट. हीच थिअरी एका माणसाने दीडशे वर्षांपूर्वी प्रयोगशाळेत नेली होती. लाइपझिगचा योहान त्सोल्नर. साधा माणूस नव्हे, ताऱ्यांचा उजेड मोजायचं यंत्र बनवणारा, खगोलभौतिकीचा प्राध्यापक, चंद्रावर त्याच्या नावाचं विवर आहे. १८७७ मध्ये त्याच्याकडे हेन्री स्लेड नावाचा अमेरिकन मांत्रिक आला. पाटीवर आत्मे लिहितात असं दाखवणारा. ह्या स्लेडला आदल्याच वर्षी लंडनच्या कोर्टात फसवणुकीची शिक्षा झाली होती आणि तांत्रिक मुद्द्यावर तो सुटला होता. त्सोल्नरला आत्म्यांपेक्षा चौथ्या मितीत रस होता. त्याचं म्हणणं, आत्मे असतील तर ते चौथ्या मितीत राहत असतील, आणि तसं असेल तर भूमितीने त्यांना काही गोष्टी जमल्याच पाहिजेत ज्या आपल्याला जमणं शक्य नाही.

पहिली गाठ. दोरीची दोन्ही टोकं एकत्र बांधून लाखेने सील केली तर तिला नवी गाठ मारता येत नाही, पण चौथी मिती असेल तर सहज मारता येते, कारण तिथे दोरी दोरीच्या "बाजूने" काढता येते. १७ डिसेंबर १८७७ ला त्सोल्नर सीलवर दोन्ही अंगठे दाबून बसला, उरलेली दोरी मांडीवर लोंबत होती, आणि तिच्यात चार गाठी पडल्या. तो हर्षभरित झाला. पण टीकाकारांनी लगेच विचारलं की तशीच सील केलेली, आधीच गाठी मारलेली दोरी बदलून ठेवणं किती अवघड आहे? म्हणून त्याने अजून कडक परीक्षा ठरवल्या, आणि ह्यासाठी मी त्या माणसाला सलाम करतो. दोन लाकडी कड्या घेतल्या, एक ओकची, एक अल्डरची, दोन्ही अखंड लाकडातून कातलेल्या. त्या न तोडता एकमेकींत अडकवून दाखवा. अदलाबदल करून जमणार नाही, कारण अशी जोडी जगात आधी कुणाकडे असूच शकत नाही. दुसरं, उजव्या पिळाचा शंख डाव्या पिळाचा करून द्या. तिसरं, टार्टारिक आम्ल, जे प्रकाशाचं ध्रुवीकरण उजवीकडे वळवतं, ते डावीकडे वळवणारं करा.

झालं काय? १८७८ च्या मे महिन्यात कड्या सापडल्या त्या एका छोट्या गोल टेबलाच्या पायात अडकलेल्या. एकमेकींत नाही. टेबलाच्या पायात, जे टेबलाचा माथा काढून कुणालाही करता येतं. शंखाचा पीळ उलटला नाही. आम्ल होतं तसंच राहिलं. म्हणजे जिथे हातचलाखी शक्य होती तिथे चौथी मिती धावून आली, आणि जिथे खरोखर फक्त चौथी मितीच लागली असती तिथे ती आली नाही. बैठकीला विल्हेल्म वुंट, तो मानसशास्त्रवाला, हजर होता, तो वैतागून गेला. सगळ्यात चटका लावणारी गोष्ट म्हणजे समांतर रेषांवर तिरप्या बारीक रेघा मारल्या की त्या वाकड्या दिसतात, हा दृष्टिभ्रम १८६० मध्ये जगापुढे आणला तो ह्याच त्सोल्नरने. डोळा कसा फसतो हे ज्याने शिकवलं तोच बसल्या जागी फसला.

पण परीक्षा त्याने बरोबर लावली होती. आज यूएफओवर चौथ्या मितीचं बोलणाऱ्या एकाही चॅनलवाल्याने इतकी प्रामाणिक परीक्षा लावलेली मी बघितली नाही. मी तर म्हणतो लाकडी कड्याही नकोत. तुळशीबागेतल्या दोन काचेच्या बांगड्या आणा, वेगवेगळ्या रंगाच्या, आणि ज्यांचा संपर्क आहे म्हणतात त्यांनी त्या न फोडता एकमेकींत ओवून आणाव्यात. डझनाचे पैसे मी देतो.

शंखाच्या परीक्षेवर जरा थांबतो, कारण "पळवून नेलं" वाल्यांना ती थेट लागू आहे. डाव्या पायाच्या चपलेचा आकार कागदात कापा. तो टेबलावर कितीही सरकवा, फिरवा, उजव्याचा होणार नाही. उचलून पालथा टाकला की झाला. तसंच त्रिमितीतली वस्तू चौथ्या मितीत उचलून उलटी ठेवली तर तिची आरशातली प्रतिमा होते. डॉ. जयंत नारळीकरांची "उजव्या सोंडेचा गणपती" ज्यांनी शाळेत असताना वाचलीय त्यांना हे लगेच आठवेल, मोबियस पट्टीतून (एक पीळ देऊन टोकं जोडलेली पट्टी) जाऊन आलेला माणूस उलटा होतो ती. मला ती कथा वाचल्यावर कित्येक दिवस आरशात बघताना कसंतरी व्हायचं.

ही नुसती गंमत नाही. आपल्या शरीरातली अमिनो आम्लं एकाच हाताची असतात, डावी. साखरा उजव्या. उलटा झालेला माणूस दिसायला ठीक, हृदय उजवीकडे, भांग दुसऱ्या बाजूला, पण त्याच्या पोटातली एन्झाइम्स आपल्या अन्नाला ओळखणार नाहीत. भाकरी खाऊनही तो उपाशी मरेल. आणि त्याच्या आधी त्याला वासावरून कळेल. पुदिन्याचा वास ज्या कार्व्होनने येतो त्याच रेणूची आरशातली जोडी बाळंतशोपेत असते, आपल्या नाकाला दोन्ही पूर्ण वेगळे लागतात कारण नाकातले ग्राहकही एका हाताचे आहेत. उलटून आलेल्या माणसासमोर पुदिन्याची चटणी ठेवा, तो म्हणेल बाळंतशोपेचा वास येतोय. मान्य आहे की उचललेला प्रत्येक जण पालथा पडेलच असं नाही. पण गेली साठेक वर्षं शेकडो लोक सांगतायत की आम्हाला उचलून नेलं, आणि त्यातला एकही, एकही, उजव्या हृदयाचा आणि चटणीवर तोंड वाकडं करणारा होऊन परत आला नाही.

हे मी मित्राला सांगितलं तर त्याचं उत्तर, "अरे ते मुद्दाम सरळ करून ठेवत असतील." झालं. इथे मी फोन ठेवतो. जी थिअरी काहीही घडलं तरी खरी राहते ती घडण्याबद्दल काहीच सांगत नाही.

मग "फिजिकल नाहीतच" ह्या दुसऱ्या टोकाकडे जावं का? म्हणजे ते मनाचं आहे? मानसशास्त्रज्ञ युंगने १९५८ मध्येच हे मांडलं होतं, आकाशातली गोल तबकडी म्हणजे घाबरलेल्या युगाने वर बघून काढलेलं मंडल. मला तो विचार आवडतो पण इन्फ्रारेड कॅमेऱ्याला बालपण नसतं. कॅमेऱ्यावर काही उमटलं तर फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण आले, फोटॉन आले तर तिथे काहीतरी होतं, मग ते फुगा असो, पक्षी असो, शुक्र असो. लडाखच्या सीमेवर २०१२-१३ मध्ये आपल्या जवानांना रोज दिसणारे दिवे चिनी ड्रोन वाटले होते, बंगळुरूच्या खगोलभौतिकी संस्थेने बघितलं तर गुरू आणि शुक्र. ते भ्रम नव्हते, गुरू चांगला दणदणीत फिजिकल आहे. पेंटॅगॉनच्या त्या प्रसिद्ध व्हिडिओंपैकी "गो फास्ट" घ्या, समुद्रावरून काहीतरी सुसाट चाललंय असं वाटतं. नासाच्या समितीने २०२३ च्या अहवालात स्क्रीनवरच्याच आकड्यांवरून त्रिकोणमिती केली, वस्तू निघाली तेरा हजार फुटांवर आणि वेग ताशी चाळीसेक मैल, म्हणजे वाऱ्याबरोबर वाहणारी. सुसाट चाललं होतं ते विमान.

बाहेरची वस्तू आणि आपण सांगतो ती गोष्ट, ह्या दोन्हींच्या मध्ये जी जागा आहे तिथेच मला सगळं रहस्य दिसतं. आणि ह्यासाठी मला अमेरिकेला जायची गरज नाही. २ एप्रिल २०२२, गुढीपाडवा. अकोल्याला घरी होतो, गुढी उतरवून झाली होती, जेवायच्या आधी गच्चीवर सगळे गप्पा मारत होतो. पावणेआठच्या सुमारास वायव्येकडून आगीचे गोळे आले, एकामागे एक, शेपट्या सोडत, अगदी सावकाश, आणि निम्मं आकाश ओलांडून गेले. ज्यांनी विदर्भात, जळगावकडे ते बघितलं ते विसरणार नाहीत. काकू म्हणाली, विमान पेटलं गं बाई. शेजारचा पोरगा म्हणाला, सगळ्यांच्या मध्ये काळी बॉडी होती, मी बघितली. माझा भाऊ आजही छातीठोक सांगतो की आवाज आला, शूंऽऽ असा, आणि मी त्याच्या बाजूला उभा असून मला काडीचा आवाज आला नाही. तो होता चीनच्या चांग झेंग ३बी रॉकेटचा वरचा टप्पा, २०२१ च्या फेब्रुवारीत सोडलेला, परत वातावरणात शिरून जळत होता. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाहीजवळ लाडबोरीला तीनेक मीटर व्यासाची धातूची कडी पडली, आसपासच्या गावात गोळे सापडले. गावकऱ्यांनी हात लावून बघितला. ह्याला म्हणतात फिजिकल.

पण त्या पोराची "काळी बॉडी" बघा. ती कुठून आली? ३ मार्च १९६८ ला रशियाच्या झोंड-४ यानाच्या रॉकेटचे तुकडे असेच अमेरिकेवर जळत गेले, तेव्हाही साक्षीदारांनी लिहून दिलं की सिगारच्या आकाराचं यान होतं, बाजूला उजेडाच्या खिडक्या होत्या, झाडांच्या शेंड्यांवरून गेलं. प्रत्यक्षात शंभरेक किलोमीटर उंचीवर वेगवेगळे तुकडे जळत होते. दिवे एका तालात हलले की मेंदू मध्ये शरीर भरून टाकतो, खिडक्या बसवतो, अंतर ठरवतो, आणि हे सगळं तुम्हाला न विचारता, "बघितलं" ह्याच नावाने. व्हालेच्या मागोनियाचं जहाज, आमच्या सासूबाईंची पालखी, ईगल रिव्हरची तबकडी, ह्या सगळ्यांचा पोशाख त्या त्या काळाचा का असतो ह्याचं उत्तर इथे आहे असं माझं मत. त्यासाठी चौथी मिती लागत नाही, कवटीच्या आतली पुरते.

मग निमिट्झचं काय? माझ्याकडे उत्तर नाही. चौघांनी डोळ्यांनी बघितलं, ते खोटं बोलतायत असं मला वाटत नाही, २०२१ च्या अमेरिकन सरकारी अहवालात १४४ प्रकरणांपैकी फक्त एकाचा उलगडा होता (हवा जाणारा फुगा), आणि मूळ रडारचा पूर्ण डेटा लोकांसमोर आलेलाच नाही. साठ मैलांवर दिसलेली वस्तू तीच होती की दुसरी, हे त्या डेटाशिवाय कुणीच सांगू शकत नाही, आणि नूथचे हजारो जीसुद्धा रडारवाल्याच्या साक्षीवरून काढलेले आहेत, मूळ डेटावरून नाही. तो डेटा येईपर्यंत ते खणात राहू दे. रिकामा खण दिसला की त्यात डायमेन्शन कोंबायची घाई मला नाही.

तोपर्यंत एक काम करू. तुमच्यापैकी कुणी २ एप्रिल २०२२ ची ती रात्र बघितली असेल, विशेषतः वर्धा, नागपूर, चंद्रपूरकडचे, तर खाली कमेंटमध्ये लिहा. कुठे उभे होतात, किती गोळे, आवाज आला का, मध्ये काही घन दिसलं का. फक्त एक अट, आधी लिहा आणि मग यूट्यूबवर व्हिडिओ बघा. बघून झाल्यावर लिहिलेलं बदलू नका, खाली दुसरी कमेंट टाका. मी भावाला पण लिहायला लावलंय, तो म्हणतो आवाज आलाच होता.